किलमोरीची लाँड्री : रम बेटावरच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, ग्लासगो

परवानगीचं पत्र आलं. आता वही उघडायला हरकत नाही.

काम असं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे रम नावाचं बेट. बेटाच्या पूर्वेला किनलॉख कॅसल. तिथून डोंगरवाटेने आठेक किलोमीटरवर, उत्तर टोकाला किलमोरीच्या वाळूकाठी, त्याच कॅसलची लाँड्री. कॅसलला अजून छप्पर आहे, ‘अ’ वर्गाच्या संरक्षित वास्तूचा मान आहे, त्याच्या बातम्या येतात, त्याच्यावरून वाद होतात. लाँड्रीला छप्पर नाही आणि तिच्यावरून वाद घालणारंही कुणी नाही. तिची मापं घ्यायची, प्रत्येक भिंतीची फोटोंवरून हुबेहूब प्रतिकृती करायची, आजच्या अवस्थेचा अहवाल लिहायचा आणि सगळं सार्वजनिक दप्तरात जमा करायचं. डागडुजी नाही. एक दगडसुद्धा हलवायचा नाही अशी अट आहे, आणि मला ती पटते.

मंडळी तीनच. मी, म्हणजे जुन्या इमारतींचे आराखडे काढणं हाच माझा रोजचा व्यवसाय. चुन्याच्या कामात हयात घालवलेले एक निवृत्त गवंडी. आणि फोटोग्रॅमेट्री, म्हणजे फोटोंवरून मापं आणि प्रतिकृती काढणं, शिकणारा एक विद्यार्थी. सुट्ट्या आणि रजा मिळतील तसं जायचं.

वेळापत्रक मात्र आमच्या हातात नाही, हरणांच्या हातात आहे. किलमोरीचं खोरं म्हणजे तांबड्या हरणांच्या जगप्रसिद्ध अभ्यासाचं ठिकाण. जूनमध्ये माद्या वितात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नरांचा माज असतो, तेव्हा लोकांनी त्या खोऱ्यात फिरकू नये अशी विनंती असते. म्हणजे आम्हाला मे, जुलै आणि ऑगस्ट.

२६ एप्रिल, ग्लासगो

दप्तर शोधण्यात दिवस गेला. रम १८९१ पर्यंत अर्गाइल परगण्यात होतं, मग ते इन्व्हर्नेसमध्ये घातलं. त्यामुळे कागद दोन ठिकाणी विखुरलेत, आणि नेमका मालक बदलला त्याच सुमारास ही फाळणी झाली.

क्रम लावून ठेवते, पुढे लागेल. १८२६ मध्ये मालकाने बेटावरची सुमारे ३०० माणसं ‘हायलँड लॅड’ आणि ‘डव्ह ऑफ ॲबर्डीन’ या दोन जहाजांत बसवून कॅनडातल्या केप ब्रेटनला पाठवली. उरलेल्यांतले बरेचसे १८२८ मध्ये गेले. माणसांच्या जागी मेंढ्या आल्या. पुढे मेंढ्यांतही पैसा राहिला नाही, तेव्हा हरणं आणि शिकारी. १८८८ मध्ये जॉन बुलो यांनी बेट विकत घेतलं. १८९१ मध्ये ते वारले आणि मुलगा जॉर्ज मालक झाला. १८९७ ते १९०० या काळात त्याने किनलॉख कॅसल उभा केला. हॅलिफॅक्सचे लीमिंग अँड लीमिंग हे वास्तुविशारद, जहाजातून आणलेला तांबडा वालुकाश्म, ओढ्यावर स्वतःची जलविद्युत. स्कॉटलंडातल्या कित्येक मोठ्या घरांत तेव्हा दिवे तेलाचे होते.

आता बुलोंचा पैसा कुठला? लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टनचा हॉवर्ड अँड बुलो हा कारखाना: सूतगिरण्यांची यंत्रं. जॉर्जचे आजोबा जेम्स बुलो यांनी विल्यम केनवर्दींबरोबर १८४१ मध्ये मागात ज्या सुधारणा केल्या, त्यांतून पुढचा ‘लँकेशायर माग’ घडला. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, ही त्यातली मुख्य करामत. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या तोंडून ‘लँकेशायर’ हे नाव मी शाळेत भूगोल शिकायच्या आधी ऐकलं होतं. तेव्हा या कॅसलचं मला फार अप्रूप वाटत नाही, पण परकंही वाटत नाही. जगभरच्या साचेखात्यांतून निघालेलं कापड विकलं गेलं, त्यातली एक धार इथे येऊन थांबली आणि तिचा दिवाणखाना झाला. त्या दिवाणखान्यातले टेबलक्लॉथ कुणी आणि कुठे धुतले, एवढाच माझा प्रश्न आहे.

९ मे, किनलॉख

मॅलेगहून बोट. समुद्र शांत. बेटावर उतरल्यावर सामान ढकलगाडीवर. इथे आज राहणारी माणसं चाळीसच्या आसपास, सगळी किनलॉखच्या परिसरात. गावठाणाची जमीन आता ग्रामस्थांच्या ट्रस्टकडे आहे. बाकी बेट आणि कॅसल सरकारी निसर्गसंस्थेकडे. लेडी मोनिका बुलो यांनी १९५७ मध्ये बेट २३,००० पौंडांना विकलं, तेव्हापासून ते राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे.

दुपारी खोऱ्यातून चालत किलमोरी. सुरुवातीला झाडी आहे, मग उघडा माळ. तीनेक किलोमीटरवर वाट फुटते: डावीकडची हॅरिसला जाते, जिथे बुलोंनी बापासाठी ग्रीक देवळासारखी समाधी बांधली आहे, उजवीकडची आमची. पायाखाली पाणी आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदली माती. खांद्यावर टोटल स्टेशन (अंतरं आणि कोन मोजायचं यंत्र) असलं की रस्त्यातला प्रत्येक ओढा मोजला जातो. हीच वाट घाणेरड्या कपड्यांची, आणि परतीची वाट इस्त्रीच्या कपड्यांची. पावसातून खळ घातलेला टेबलक्लॉथ आठ किलोमीटर नेणं हा स्वतंत्र विषय आहे. मेणकापड, पेट्या, घोडागाडी यांचा विचार केल्याशिवाय लाँड्रीचा आराखडा पुरा होणार नाही असं आजच लिहून ठेवते.

खोरं संपतं तिथे अचानक मोठा वाळूकिनारा आणि समोर पाण्यापलीकडे स्काय बेटाची कुलिन पर्वतरांग. वाळूच्या मागे सपाट, मऊ, हिरवं गवत. जुन्या वस्तीची जोती त्या गवतात दिसतात. जवळच दफनभूमी. तिथे एका मेंढपाळाच्या मुलांचा दगड आहे, १८७३ साली घटसर्पाने काही दिवसांत गेलेली. तो वाचून झाल्यावर गवंडी टोपी घालायला विसरले आणि बराच वेळ तसेच चालत राहिले.

इमारत: भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आत खाजकुइलीसारखं अंगाला लागलं की आग करणारं नेटल कमरेइतकं वाढलंय. नेटल जिथे दाट तिथे जनावरांची वस्ती जुनी, कारण लेंड्यांतला फॉस्फेट त्याला मानवतो. आज हरणं वाऱ्यापासून आडोशाला याच भिंतींशी उभी राहतात.

१० मे, किलमोरी

मापं. जमिनीत खुंट्या ठोकायच्या नाहीत म्हणून सगळे संदर्भबिंदू तिकाटण्यांवर. आधी बाहेरचा घेर, मग आतले कर्ण, मग दारं-खिडक्यांच्या चौकटी. ओळंबा सोडून पाहिलं तर समुद्राकडची बाजू वर जाताना बाहेर झुकते. आकडे आराखड्याच्या तक्त्यात आहेत, इथे पुन्हा लिहीत नाही.

गवंड्यांचं निरीक्षण: मूळ सांधे चुन्याचे. पाऊस बसतो त्या अंगाला ते बोटभर आत धुपलेत, आडोशाच्या अंगाला अजून टणक. दगड इथलाच, टॉरिडोनियन वालुकाश्म. बेटाचा उत्तर भाग याच दगडाचा आहे. दक्षिणेचे उंच डोंगर सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे, त्यांचा दगड काळपट आणि घडवायला वाईट. कॅसलसाठी जहाजातून तांबडा दगड आणला, चाकरीच्या इमारतीला पायाखालचा पुरला. मालकाचा हिशेब भिंतीतच वाचता येतो.

विद्यार्थ्याला एक गोष्ट दाखवली, ती इथेही नोंदवते. लाँड्रीचा अवशेष वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: आग कुठे होती, पाणी कुठून आत आलं, आणि ते बाहेर कसं गेलं. बाकी सगळं (कपाटं, टेबलं, टब, दोऱ्या) लाकडाचं किंवा सुताचं, ते टिकत नाही. आग काजळी ठेवून जाते, पाणी उतार ठेवून जातं. फरशीचा उतार मोजायला नेटल कापावं लागेल. कापायची परवानगी आहे, उपटायची नाही.

११ मे, किलमोरी

आज वारा.

बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकवली जाते: पाहुण्यांना वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून बुलोंनी लाँड्री आठ किलोमीटर दूर हलवली. गोष्ट सांगायला छान आहे. मालकाच्या मिजाशीला ती शोभतेही. ज्या घरात तापवलेल्या काचघरात कासवं आणि मगरी पाळल्या होत्या, जिथे विजेवर चालणारा यांत्रिक वाद्यवृंद जिन्याखाली बसवला होता, तिथे परकर दोरीवर फडफडलेले कोण खपवून घेईल?

पण दृष्टीआड करायचं तर एक टेकडी ओलांडली तरी पुरे होतं. किनलॉखच्या मागे अशा जागा डझनभर आहेत. आठ किलोमीटर कशाला?

गवतावर उभं राहून पाहिल्यावर माझं मत असं झालं की ही जागा कपडे धुणाऱ्या, किंवा धुणाऱ्यांचं ऐकणाऱ्या माणसाने निवडली आहे. किनलॉख डोंगरांच्या कुशीत आहे: पाऊस जास्त, वारा अडलेला, झाडीमुळे सावली आणि चिलटं. डोंगरमाथ्यांवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. उत्तरेचा सखल किनारा त्यामानाने बराच कोरडा. इथे वारा समुद्रावरून थेट येतो. गवत सपाट आणि आखूड चरलेलं आहे, चादर पसरली तर चिखल लागत नाही. वाहतं पाणी शेजारी.

दुसरी बाजू ऋतूची. बुलो कुटुंब इथे वर्षभर राहत नव्हतं. शिकारीच्या हंगामात, शरद ऋतूत काही आठवडे यायचं, पाहुण्यांसकट. म्हणजे धुण्याचा सगळा भार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा इथला दिवस आखडत जातो आणि पाऊस वाढत जातो. उन्हाळी जून महिन्यात किनलॉखलाही कपडे वाळले असते. ऑक्टोबरात डझनावारी लिनन वाळवायचं असेल तर वाऱ्याच्या पाठी लागावंच लागतं.

एक काठी रोवून (तिकाटण्यावर, जमिनीत नाही) ओला सुती पंचा टांगला. ऊन नव्हतं. जेवण उरकेपर्यंत पंचा खडखडीत. विद्यार्थ्याच्या मते हा पुरावा होत नाही. बरोबर आहे त्याचं. अहवालात हे ‘शक्यता’ या मथळ्याखाली जाईल, पण जाईल.

मिजास आणि वारा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मला खटकतं ते एवढंच की गोष्टीत फक्त मालकाची मर्जी उरते आणि कामाची अक्कल गळून जाते.

७ जून, ग्लासगो

खोरं बंद. जनगणनेचे कागद चाळले. लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांची नावं तिथे सापडावीत ही साधी अपेक्षा, पण तारखा पाहिल्यावर अडचण कळते. १९०१ ची गणना ३१ मार्चच्या रात्रीची, १९११ ची २ एप्रिलची, १९२१ ची १९ जूनची. तिन्ही वेळा हंगाम नसलेला. कॅसल झाकलेला असणार, हंगामी मोलकरणी मुख्य भूमीवर आपल्या गावी किंवा दुसऱ्या घरात. गणना जिथे माणूस झोपला तिथे त्याला मोजते. त्यामुळे रमच्या पानांवर बाराही महिने राहणारे गुराखी, शिकारी-रखवालदार आणि त्यांची कुटुंबंच भेटणार. हंगामी बायकांचा माग काढायचा तर पगाराच्या वह्या आणि नोकरीच्या शिफारसपत्रांतून.

याच खोऱ्यात १९७२ पासून उत्तर भागातल्या प्रत्येक हरणाची स्वतंत्र नोंद ठेवतात: आई कोण, जन्म कधी, पाडसं किती, मेलं कधी. शास्त्र म्हणून अफाट काम. मला हेवा वाटला, आणि तो कुणाविषयी हे सांगायला नको.

२ जुलै, ग्लासगो

स्कॉटलंडच्या पुरातत्त्व नोंदींचं ‘कॅनमोर’ हे संकेतस्थळ २४ जूनला बंद झालं, त्याची जागा ‘ट्रोव्ह’ने घेतली. आमचे जुने दुवे मोडले. विद्यार्थ्याने एका संध्याकाळी सगळे नव्याने जुळवले. छायाचित्रं जमा करण्याचे नियम पुन्हा वाचले: मूळ फाइल, कॅमेऱ्याची माहिती, दिशा, मोजपट्टी. फोटोत मोजपट्टी नसेल तर तो फोटो आठवण म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते चिकटचिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला लावलं. मला जरा लाजल्यासारखं झालं.

१९ जुलै, किलमोरी

ढगाळ. पर्यटकाला नको असलेलं आभाळ फोटोग्रॅमेट्रीला हवं असतं. सावल्या पडत नाहीत, दगडाचा रंग सगळीकडे सारखा येतो. प्रत्येक फोटो शेजारच्याशी निम्म्याहून जास्त जुळला पाहिजे, तीन उंचींवरून, मग आतून, मग कोपरे वेगळे. ड्रोन नाही; पक्षी आणि हरणं दोन्हींमुळे तो विषयच काढला नाही. लांब काठीला कॅमेरा बांधून भिंतींचे माथे घेतले.

वारा पडला आणि चिलटं आली. त्यांचं वर्णन करणार नाही. कॅसल बांधणाऱ्या मजुरांना चिलटं हाकलायला तंबाखूचे जादा पैसे मिळत असं बेटावर सांगतात, त्यावर आज तिघांचाही पूर्ण विश्वास बसला. डोक्यावर जाळी घालून मापं लिहिता येतात, फक्त पेन्सिल चावता येत नाही. संध्याकाळी एकमेकांच्या पोटऱ्यांवरचे गोचीड काढले. गोचिडांमुळे होणारा लाइम आजार या भागात आहे, त्यामुळे हे रोजच्या तक्त्यात टाकलंय: साहित्य मोजणे, फाइलींची प्रत काढणे, गोचीड.

नेटल कापल्यावर फरशीचा उतार मोजता आला. पाण्याची निघण्याची दिशा आराखड्यावर बाणाने दाखवली.

२० जुलै, किनलॉख

आज धुणं. खरंखुरं.

तंबूच्या जागी, ओढ्यापासून लांब, स्टोव्हवर पातेलं ठेवून १९०० च्या सुमारच्या पद्धतीने दोन लिननचे रुमाल धुतले. पद्धत अशी: आदल्या रात्री धुण्याच्या सोड्यात भिजवण, सकाळी साबणाने चोळणं, मग पांढरं तेवढं उकळायचं. मोठ्या घरांत यासाठी वीटकामात बसवलेला तांब्याचा हंडा असे, खाली चुलाणं, धूर हंड्याभोवती फिरून धुराड्यात. आपल्याकडचा बंब पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उकळल्यावर दोन-तीन पाण्यांतून खळबळणं, शेवटच्या पाण्यात नीळ, मग खळ, मग पिळणं, वाळवणं, पुन्हा शिंपडून दमट करणं आणि इस्त्री. इस्त्रीत निखारे नसत. भरीव लोखंडी इस्त्र्या उतरत्या बाजूंच्या शेगडीला टेकवून तापवत, एक वापरात असताना बाकीच्या तापत. चादरी-टेबलक्लॉथांना इस्त्रीऐवजी मँगल: दगडांनी भरलेली लांब लाकडी पेटी, खाली रुळांना गुंडाळलेलं कापड, आणि पेटी पुढे-मागे ओढायची. उष्णता नाही, फक्त वजन. लिननला त्याने चमक येते.

तर आमचे रुमाल. रमचं पाणी मऊ आहे, साबणाला फेस भसाभस येतो. पण पीटमधून येतं म्हणून चहाच्या दुसऱ्या पाण्याच्या रंगाचं. दोन्ही रुमाल सारखे धुतले, एकाला नीळ दिली, दुसऱ्याला नाही. ओले असताना फरक कळला नाही. वाळल्यावर बिननिळीचा पिवळट, म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखा, निळीचा पांढरा. नीळ डाग काढत नाही. पिवळ्यावर निळ्याची झाक चढवून डोळ्याला फसवते. पीटच्या पाण्यात धुणाऱ्या लाँड्रीला ती चैन परवडली असती की नाही हा प्रश्नच नाही, तिच्याशिवाय टेबलक्लॉथ टेबलावर गेलाच नसता.

नीळ आईने परळहून पाठवलेली, रॉबिन. तो छाप रेकिट कंपनीचा, आणि रेकिट म्हणजे इंग्लंडातल्या हलचे. त्यांची नीळ त्या काळी ब्रिटनभर खपत असे. फोनवर आईला निकाल सांगितला. “एवढं लांब जाऊन तू नीळ घालायला शिकलीस?” म्हणाली. मग गंभीरपणे विचारलं, “पुरचुंडी फडक्यात बांधून फिरवलीस ना? नाहीतर ठिपके पडतात.” हा तपशील १९०० च्या गृहिणींसाठीच्या सूचनांतही असाच आढळतो. अहवालात टाकला.

४ ऑगस्ट, मॅलेग

फ्लोरिस वादळ. बोटी बंद. दिवसभर खिडकीतून पाणी उडताना पाहिलं आणि छायाचित्रांची यादी पुरी केली.

९ ऑगस्ट, किलमोरी

वादळानंतरची पाहणी. एका भिंतीच्या माथ्यावरचे काही दगड सुटून आत पडलेत. जुलैच्या फोटोंत ते जागेवर आहेत, त्यामुळे कुठला दगड कुठून आला हे नेमकं दाखवता येतं. नोंदणी कशासाठी असं विचारणाऱ्यांना हे एकच पान पुरेल. दगड हलवलेले नाहीत. खडूने नव्हे, फोटोवर क्रमांक घातले.

कारण सरळ आहे. छप्पर गेल्यावर भिंतीचा माथा उघडा पडतो. वरून पाणी आत झिरपतं, भिंतीच्या पोटातला चुना धुऊन नेतं, हिवाळ्यात गोठून फुगतं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आत मुरमाड भुसा झालेला असतो. झुकलेल्या बाजूचं मला त्यासाठीच भय वाटतं.

जेवताना गवंड्यांशी मोठी चर्चा. सिमेंटवर त्यांचा राग जुना आहे. विसाव्या शतकात स्कॉटलंडभर जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतल्या फटी सिमेंटने भरल्या. सिमेंट पाण्याला वाट देत नाही, मग पाणी दगडातून निघायला बघतं आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा सांधा दगडाहून मऊ असतो, तो आधी झिजतो, दगड वाचतो. त्यांच्या पद्धतीत कळीचा चुना वाळूबरोबरच विरवून गरम असतानाच वापरतात. मी त्यांना आपल्या घाणीच्या चुन्याबद्दल सांगितलं: बैल, दगडी चाक, गूळ, बेलफळ, हिरडा. गुळाचं ऐकून त्यांनी वही काढली. मग विचारलं, “आणि थंडी?” सांगितलं की महाराष्ट्रात चुनेगच्चीला थंडीचं भय नाही, उन्हाचं आहे; गोणपाट भिजवून झाकतात. ते हसले. इथेही गोणपाटच झाकतात, पण कोरडं, कारण पाच अंशांच्या खाली पारा गेला की चुना बसत नाही आणि दंव पडलं तर फुटतो. म्हणजे किलमोरीत चुन्याचं काम करायचं तर मे ते ऑगस्ट. त्यातून जून वजा.

माझी शिफारस ठरली: छप्पर पुन्हा घालू नये, सिमेंटची टोपी घालू नये, भिंतींच्या माथ्यावर माती आणि गवताची ढलपी बसवावी. स्कॉटलंडात अवशेषांवर हा उपाय वापरतात. गवत पाणी शोषून हळूहळू सोडतं आणि गोठण-वितळणीचा मार कमी करतं. इथे माथ्यावर काही ठिकाणी ते आपसूकच उगवलंय, आणि तिथलेच दगड वादळात टिकले.

३० ऑगस्ट, किलमोरी

या वर्षातलं शेवटचं काम. आतल्या बाजूचे राहिलेले तपशील १:२० प्रमाणात हाताने काढले. मॉडेल कितीही चांगलं असलं तरी हाताने काढताना भिंतीशी जेवढा वेळ जातो तेवढ्यात ती काहीतरी जास्त सांगते. आज सांगितलं ते असं की एका उघड्या जागेचा उंबरा मधोमध झिजलेला नाही, एका बाजूला झिजलाय. ओझं एका कडेवर घेऊन ये-जा करणारी पावलं असतील, किंवा दाराचं एक फळकूट कायम बंद असेल, किंवा हरणं. तिन्ही लिहिलं.

विजेची कुठलीही खूण भिंतींत दिसली नाही: ना नळी, ना खोबणी. कॅसलमध्ये बटण दाबलं की दिवा, इथे कंदील. ऑक्टोबरात संध्याकाळी लवकर काळोख पडू लागतो. इस्त्रीची वेळ लक्षात घेता खिडक्यांच्या जागांना महत्त्व येतं, म्हणून प्रत्येक खिडकीवर किती वाजेपर्यंत उजेड राहतो याचा तक्ता जोडतेय.

१३ सप्टेंबर, ग्लासगो

खोरं पुन्हा बंद होतंय. जिथे बुलोंच्या पाहुण्यांचा आणि धुण्याचा हंगाम सुरू व्हायचा, तिथेच आमचा संपतो.

मॉडेल पुरं झालं. आई-बाबांना फोनवर फिरवून दाखवलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “कामगारांची राहायची खोली कुठली?” आजोबांच्या चाळीत वाढलेला माणूस दुसरं काय विचारणार. अहवालात राहण्याच्या सोयीवर स्वतंत्र परिच्छेद केला.

२५ ऑक्टोबर, ग्लासगो

मसुद्यावर तिघांची बैठक. माहितीफलकाच्या मजकुरावरून वाद. विद्यार्थ्याला ‘पाहुण्यांना कपडे दिसू नयेत म्हणून’ हे वाक्य पहिलं हवं, कारण लोक त्यासाठीच थांबतील. गवंड्यांना फलकच नको; खांब म्हटला की सिमेंट आलंच, असं त्यांचं म्हणणं. मी पहिलं वाक्य वाऱ्याचं लिहिलं आहे. शेवटी ठरलं की फलक किनलॉखला, बोटीच्या धक्क्याजवळ सुचवायचा, किलमोरीत काहीच नाही. आणि दोन्ही कारणं एकाच वाक्यात, वारा आधी.

पुढची कामं: आराखडे आणि मूळ फोटो नोव्हेंबरअखेर दप्तरात. पगाराच्या वह्यांसाठी इन्व्हर्नेसला अर्ज. माथ्याच्या गवताचा खर्च गवंडी काढून देणार. एप्रिलमध्ये झुकलेल्या भिंतीचा ओळंबा त्याच बिंदूंवरून पुन्हा घ्यायचा. फरक आढळला तर माद्या वितायच्या आत आधाराच्या बल्ल्या लावायची परवानगी मागायची, म्हणून अर्जाचा मसुदा आत्ताच तयार ठेवलाय. शिडी किनलॉखच्या शेडमध्ये आहे, तिची एक पायरी सैल आहे, येताना स्क्रू आणणे.